पैसे पोचले, हे कोणी सांगायचे?

आजचे युग हे यंत्रयुग आहे, असे वाक्य शाळेत असताना आम्ही प्रत्येक निबंधाच्या आरंभी लिहीत असू. आता त्या जागी ‘ऑनलाइन’ हा शब्द आला आहे, एवढाच फरक. परीक्षेची फी आपण ऑनलाइन भरतो, रेल्वेचे तिकीट काढतो, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली की निश्चिंत होतो. ती खूण कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून काढली आणि ती खोटी असू शकते काय, हे प्रश्न ग्राहकाला सहसा पडत नाहीत. दुकानदाराला मात्र ते पडावे लागतात.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आई पूर्वी विड्या वळायची. आता ती सोलापुरातल्या दहा बायकांच्या एका बचत गटाची खजिनदार आहे. हा गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतो. गटाची एक वेबसाइट आहे. ती नुसती जाहिरातीची नाही; तिच्यावर माल निवडता येतो, पत्ता देता येतो, मागणी नोंदवता येते. अशा कामकाज करणाऱ्या साइटला वेब ॲप्लिकेशन म्हणतात. तिच्यात कार्डाने पैसे घेण्याची सोय नीट बसवायची होती. प्रोग्राम लिहिण्याचे काम संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने केले. इंग्रजी माहितीपत्रके वाचून त्यातला व्यवहार गटातल्या मावश्यांना समजेल अशा मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या सांगण्याचाच विस्तार होय.

कोणी विचारील की २०१६ पासून यूपीआय असताना कार्ड कशाला हवे? त्याचे उत्तर साधे आहे. पुण्या-बेंगळुरूला नोकरी करणारी आमची बरीच गिऱ्हाइके महिनाअखेरीस क्रेडिट कार्डावर खरेदी करतात. ज्याला ज्या मार्गाने पैसे द्यायचे असतील तो मार्ग दुकानदाराने मोकळा ठेवला पाहिजे.

कार्डाची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. आपल्याकडे सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये ‘सेंट्रलकार्ड’ काढले. त्या काळी कार्ड दुकानदाराच्या हातात द्यावे लागे आणि त्यावरची उठावाची अक्षरे कार्बनच्या चिठ्ठीवर दाबून घेतली जात. कार्ड समोर, माणूस समोर आणि सही समोर असा तो व्यवहार होता. इंटरनेटवर यातले काहीच समोर नसते. असतात ते फक्त आकडे. ११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत नेटमार्केट नावाच्या दुकानातून एका ग्राहकाने स्टिंग या गायकाची सीडी घेतली आणि कार्डाचा क्रमांक गुप्तलिपीत पाठवला. इंटरनेटवरचा पहिला सुरक्षित व्यवहार म्हणून याचा नेहमी उल्लेख होतो. वाटेत कोणी क्रमांक चोरू नये, ही अडचण गुप्तलिपीने सोडवली. परंतु क्रमांक दुकानदाराच्या हाती पोचल्यावर तो त्याचे काय करतो, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

या क्रमांकाविषयी थोडे सांगण्याचा मोह आवरत नाही. कार्डावरचे सोळा आकडे मनाला येतील तसे छापलेले नसतात. पहिला आकडा ४ असेल तर कार्ड व्हिसाचे. रुपेची कार्डे अनेकदा ६० किंवा ६५ ने सुरू होतात. आरंभीच्या सहा (नव्या पद्धतीत आठ) आकड्यांवरून कार्ड कोणत्या बँकेने दिले ते कळते. शेवटचा आकडा हा निव्वळ राखणदार असतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५४ साली त्याच्या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० मध्ये ते त्यांना मिळाले. उजवीकडून एक आकडा सोडून पुढचा दुप्पट करायचा. दुप्पट केल्यावर दोन अंकी संख्या आली तर तिच्यातले अंक मिळवायचे. मग सगळ्यांची बेरीज करायची. तिला दहाने निःशेष भाग गेला तर क्रमांक घडणीने बरोबर. गेटवेवाले चाचणीसाठी ४१११ ११११ ११११ ११११ असा एक लुटुपुटीचा क्रमांक देतात. त्याची बेरीज ३० येते. वाचकांनी करून पाहावी. टंकताना एखादा आकडा चुकला, तर बँकेला विचारण्यापूर्वीच ही रीत तो पकडते. अर्थात क्रमांक घडणीने बरोबर असला म्हणजे खात्यात पैसे आहेत किंवा कार्ड त्याच माणसाचे आहे, असे मुळीच नव्हे.

आता व्यवहारातली पात्रे पाहू. ग्राहक आणि दुकान ही दोन आपल्याला दिसतात. ग्राहकाला कार्ड देणारी बँक ही तिसरी. दुकानाच्या वतीने पैसे घेणारी बँक चौथी. या दोन बँकांमध्ये निरोप नेणारे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचे जाळे हे पाचवे. आणि छोट्या दुकानाला या सगळ्यांशी स्वतंत्र करार करणे शक्य नसल्यामुळे मध्ये उभा राहणारा पेमेंट गेटवे हे सहावे पात्र. आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला हुंडीचा धडा झाला, तेव्हा मला हे सारे एकदम ओळखीचे वाटले. हुंडीतही पैसा गावोगाव हिंडत नसे, हिंडत असे तो शब्द; आणि ज्याचा शब्द तो पतीचा माणूस आहे की नाही, यावर सगळे चाले. शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्या हातीच द्यायचे असत.

आपल्या ॲप्लिकेशनमध्ये कार्डाची सोय जोडताना पहिला नियम असा की कार्डाच्या क्रमांकाला आपण हातच लावायचा नाही. आपल्या पानावर क्रमांकासाठी रकाना काढून तो आपल्या सर्व्हरवर घेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण ती जोखीम दहा बायकांच्या गटाने अंगावर घेण्यासारखी नाही. मोठ्या कार्ड कंपन्यांनी २००४ मध्ये एकत्र येऊन सुरक्षेचे एक मानक ठरवले. पीसीआय डीएसएस असे त्याचे नाव. जो कोणी कार्डाची माहिती साठवतो, हाताळतो किंवा पुढे पाठवतो त्याला ते लागू होते. कार्डाच्या मागचे तीन आकडे, ज्यांना सीव्हीव्ही म्हणतात, ते तर बँकेची मंजुरी मिळाल्यानंतर गुप्तलिपीतसुद्धा ठेवायचे नाहीत, असा त्यात दंडक आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेने याही पुढे पाऊल टाकले. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे जाळे यांच्यावाचून कोणालाही कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. दुकानाला ओळखीपुरते शेवटचे चार आकडे ठेवता येतात. गिऱ्हाइकाने ‘माझे कार्ड लक्षात ठेवा’ म्हटले तर क्रमांकाऐवजी टोकन नावाचा दुसरा आकडा मिळतो. तो त्या दुकानापुरताच चालतो, म्हणून चोरीला गेला तरी चोराला इतरत्र त्याचा उपयोग नाही.

म्हणून शहाणा मार्ग असा : गिऱ्हाइकाने ‘पैसे भरा’ ही कळ दाबली की गेटवेची चौकट उघडावी, क्रमांक तिच्यात टंकला जावा आणि परस्पर गेटवेकडे जावा. पुढे बँक गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बहुधा ओटीपी पाठवते. इंटरनेटवरील कार्डव्यवहाराला अशी दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. या सगळ्या संभाषणात आपले ॲप्लिकेशन कोठेच नसते. ते बाहेर बाकावर बसून वाट पाहते.

मग आपल्याकडे काम उरते ते कोणते? पहिले काम म्हणजे मागणी नोंदवणे. गिऱ्हाईक चौकटीपर्यंत जाण्यापूर्वी आपला सर्व्हर गेटवेला कळवतो की अमुक रकमेची एक मागणी तयार करा. गेटवे त्या मागणीला क्रमांक देतो. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. रक्कम आपल्या दफ्तरातल्या भावावरून सर्व्हरनेच काढली पाहिजे. ब्राउझरने पाठवलेली रक्कम खरी मानता कामा नये. ब्राउझर गिऱ्हाइकाच्या हातात असतो, आणि थोडे संगणकाचे ज्ञान असलेला माणूस ५०० रुपयांचे ५ रुपये करून पाठवू शकतो. दुसरी गोष्ट, रक्कम पैशांत सांगायची असते. ५०० रुपये म्हणजे ५००००. रेझरपे असो की स्ट्राइप, सर्वांत लहान नाण्यातच हिशेब मागतात. मला हे आधी विचित्र वाटले. पण संगणकाला नेहमीच्या रीतीने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगितली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते, हे मैत्रिणीने प्रत्यक्ष करून दाखवले, तेव्हा अपूर्णांकांना पैशाच्या व्यवहारापासून दूर का ठेवतात ते पटले.

पैसे भरून झाले की गिऱ्हाइकाचा ब्राउझर आपल्या पानावर परत येतो आणि सांगतो : भरले. त्याच्यासोबत तीन गोष्टी असतात. मागणीचा क्रमांक, भरण्याचा क्रमांक आणि एक सही. ही सही म्हणजे पहिल्या दोन क्रमांकांवर एका गुप्त किल्लीची प्रक्रिया करून तयार झालेली चौसष्ट अक्षरांची माळ असते. किल्ली फक्त गेटवेला आणि आपल्या सर्व्हरला ठाऊक. सर्व्हरने स्वतः तीच प्रक्रिया करून पाहायची. माळ तंतोतंत जुळली तर निरोप गेटवेचा, नाही तर तोतयाचा. ही किल्ली ब्राउझरमध्ये जाणाऱ्या प्रोग्राममध्ये चुकूनही लिहू नये, कारण तो प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येतो.

येथवर आले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. गटाने आधी पैसे देऊन ज्या व्यावसायिकाकडून ही सोय करून घेतली होती, त्यालाही तसेच वाटले असावे. त्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ब्राउझर परत आला तरच मागणीपुढे ‘पैसे मिळाले’ अशी नोंद होत असे. दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका गिऱ्हाइकाने रेल्वेतून ११४० रुपयांची मागणी नोंदवली. त्यांनी ओटीपी टाकला, त्यांच्या बँकेने रक्कम वळती केली, आणि त्याच क्षणी नेटवर्क गेले. ब्राउझर परत आलाच नाही. गटाच्या दफ्तरात ती मागणी ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहिली आणि अपूर्ण मागण्यांकडे कोणी पाहत नसे. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आईने वही पाहिली. वहीत त्यांचे नाव नव्हते. त्यांच्या बँकेचा संदेश मात्र त्यांच्यापाशी होता. फोनवर ते जे बोलले त्यात ‘फसवणूक’ हा शब्द दोनदा आला. आई सही करण्यापुरते शिकलेली आहे, पण वीस वर्षांत तिच्या हिशेबाला कोणी नाव ठेवले नव्हते.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, ‘‘त्यांचे गेलेत हे खरं, अन् आपल्या वहीत न्हाईत हेबी खरं. मग पैसे मधी कुठं बसलेत?’’

या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला कोणत्याही माहितीपत्रकात आढळला नाही. पैसे मध्ये कोठेच बसले नव्हते. ते गेटवेकडून इतर रकमांबरोबर गटाच्या बँकखात्यात केव्हाच जमा झाले होते. पासबुकात अकराशेच्या आसपास रक्कम जादा दिसत होती आणि आईने तिच्यापुढे तांबड्या शाईने फुली मारून ठेवली होती. कोणाची ते कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही म्हणून. म्हणजे पैसे आले होते, फक्त त्यांच्यावर नाव नव्हते. गिऱ्हाइकाला ती रक्कम परत केली. माल पाठवतो म्हटले तर त्यांनी नको सांगितले.

या रोगावर औषध आहे, आणि ते प्रत्येक गेटवे फुकट देतो. त्याला वेबहुक म्हणतात. ब्राउझर परत येवो न येवो, गेटवे स्वतः आपल्या सर्व्हरला परस्पर निरोप पाठवतो की अमुक मागणीचे पैसे मिळाले. त्यासाठी आपल्या सर्व्हरवर एक पत्ता राखून ठेवावा लागतो आणि तो गेटवेला कळवावा लागतो. या निरोपावरही सही असते व तीही ताडून पाहावी लागते, कारण पत्ता कळला तर कोणीही खोटा निरोप धाडू शकेल. गिऱ्हाइकाच्या तोंडून आलेली बातमी ही केवळ त्याला ‘आभारी आहोत’ म्हणण्यापुरती. माल बांधायला घ्यायचा तो गेटवेच्या निरोपावरून.

परंतु या निरोपाचेही एक वैशिष्ट्य आहे. आपला सर्व्हर पोच देईपर्यंत गेटवे तोच निरोप पुनःपुन्हा पाठवतो. आपण पोच दिली आणि ती वाटेत हरवली, तरी निरोप पुन्हा येणार. ज्याने याचा विचार केला नाही त्याच्याकडून एकाच रकमेवर दोनदा भाकरी रवाना होईल. येथे मला पुन्हा हुंडी आठवते. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत देत, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. कागद तीन झाले तरी देणे एकच. एकावर पैसे दिले की बाकीचे रद्द. आणि पैसे दिलेली हुंडी ‘खोखा’ झाली, म्हणजे मेली. आपल्या सावकारांनी जे वहीत केले तेच प्रोग्राममध्ये करायचे असते. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. तो आधी नोंदवलेला असेल तर पोच द्यायची, पण काम पुन्हा करायचे नाही. मावश्यांना वेबहुक हा शब्द शेवटपर्यंत रुचला नाही. पेठ-परपेठ मात्र एका बैठकीत समजले.

निरोप येताना क्रम उलटसुलट होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. शिवाय बँकेने रक्कम ‘राखून ठेवली’ असा एक निरोप असतो आणि ती प्रत्यक्ष ‘उचलली’ असा दुसरा. राखून ठेवलेली रक्कम ठरल्या मुदतीत उचलली नाही तर ती गिऱ्हाइकाला परत जाते. आम्ही गेटवेला ती आपोआप उचलायला सांगून ठेवले. भाकरीच्या धंद्यात राखून ठेवण्यासारखे काही नाही.

कधी कधी खरोखरच पैसे मध्ये अडकतात. गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले आणि दुकानाच्या व्यवस्थेत मिळाल्याची खात्री झालीच नाही, असे घडते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये नियम केला. इंटरनेटवरील कार्डव्यवहारात अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत झाली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम आपल्या विद्यार्थी बंधुभगिनींपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, असे मला विचारपूस केल्यावर दिसून आले. परीक्षेची फी अडकली की आपण कॉलेजच्या कार्यालयातल्या खिडकीशी भांडतो. वास्तविक आधी आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवायला हवी.

हे सगळे खरे पैसे न वापरता तपासून पाहता येते. गेटवे दोन प्रकारच्या किल्ल्या देतो, चाचणीच्या आणि खऱ्या. चाचणीच्या किल्लीवर लुटुपुटीच्या कार्डाने मैत्रिणीने पैसे भरले, नाकारून पाहिले, आणि मुद्दाम ओटीपीनंतर ब्राउझर बंद केला. मागणी तरीही ‘पैसे मिळाले’ या रकान्यात गेली. आईने ते तीनदा करायला लावले. खरी किल्ली मिळण्यासाठी मात्र बँकखाते, पॅन वगैरे कागद द्यावे लागतात, आणि साइटवर पत्ता, अटी व पैसे परत देण्याचे नियम स्पष्ट लिहावे लागतात. त्यात आमचे काही आठवडे गेले.

आता रोज रात्री तीन याद्या ताडून पाहतात : आपल्या दफ्तरातल्या मागण्या, गेटवेची यादी आणि बँकेतली जमा. तिसरी यादी पहिल्या दोन याद्यांशी सरळ जुळत नाही, कारण रक्कम एकदोन कामाचे दिवस उलटल्यावर, गठ्ठ्याने आणि शुल्क कापून येते. समजा शुल्क दोन टक्के आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मग ५०० रुपयांच्या मागणीवर १० रुपये शुल्क, १ रुपया ८० पैसे कर, आणि हाती ४८८ रुपये २० पैसे. आईने वहीत यासाठी एक नवा रकाना आखला आहे. मागणी रद्द होऊन पैसे परत केले तरी कापलेले शुल्क बहुधा परत येत नाही. ते गटाच्या पदरचे. आणि गिऱ्हाइकाने माल मिळालाच नाही अशी आपल्या बँकेकडे तक्रार केली तर पोचवल्याचा पुरावा दुकानाला दाखवावा लागतो, म्हणून कुरिअरच्या पावत्या आता त्याच वहीत चिकटवतात.

शुल्कावरून गटात बरीच वादावादी झाली. रुपेच्या डेबिट कार्डावर दुकानदाराकडून बँकेने घ्यायचा आकार १ जानेवारी २०२० पासून शून्य केला आहे. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. तेव्हा क्रेडिट कार्डवाल्यांकडून वेगळे पैसे मागावेत असे दोन मावश्यांचे म्हणणे होते. शेवटी चटणीच्या पाव किलोच्या पाकिटाचा भाव सर्वांनाच पाच रुपयांनी वाढवायचा आणि कोणाकडे वेगळे काही मागायचे नाही, असे ठरले. भाकरीचा भाव होता तोच आहे.